फॉरमॅट न मारता पीसी वाचवणाऱ्या दादांना मनापासून थँक्यू

दादा, नमस्कार,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, म्हणजे ज्यांचा पीसी माझ्यासारखा रडतोय त्यांनाही उपयोग होईल.

माझा पीसी चालू व्हायलाच फार वेळ घ्यायचा. एका दुकानात सरळ सांगितलं होतं, फॉरमॅट मारा नाहीतर नवीन घ्या. फॉरमॅट मारायचा म्हणजे डीटीपीचे सगळे फॉन्ट, नोडचा (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामचा) सेटअप, क्लायंटच्या वेबसाइटची कामं, सगळं परत पहिल्यापासून. तुम्ही मात्र एनीडेस्कवरून, म्हणजे दुरून दुसऱ्याचा पीसी चालवता येणाऱ्या प्रोग्रामवरून, आत आलात आणि आधी ऑटोरन्स उघडलंत, पीसी सुरू होताना आपोआप काय काय चालू होतं त्याची यादी ते दाखवतं. ऑप्शन्समधून मायक्रोसॉफ्टच्या एंट्र्या लपवल्या आणि उरलेल्या एकेक मला वाचायला लावल्या, पिवळी ओळ म्हणजे एंट्री आहे पण फाइलच जागेवर नाही, गुलाबी म्हणजे पब्लिशरची सही नाही किंवा जुळत नाही, तिथे जपून. डिलीट काही करायचं नाही, फक्त टिक काढायची, गडबड झाली तर परत लावता येते. जुन्या प्रिंटरचं, कधीच काढून टाकलेल्या अँटिव्हायरसचं, काय काय निघालं त्यातून! टिका काढून रीस्टार्ट केला आणि पीसी झटक्यात उठला.

मला सगळ्यात आवडलं ते प्रोसेस एक्सप्लोरर. फोल्डर डिलीट करायला गेलं की विंडोज "दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडा आहे" म्हणतं, पण कुठल्या ते सांगत नाही. आता मी प्रोसेस एक्सप्लोरर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडते, कंट्रोल एफ दाबते, फोल्डरचं नाव टाकते, की धरून बसलेल्या प्रोग्रामचं नावच समोर येतं, बहुतेक वेळा मागे अडकलेला नोडच असतो, तो बंद केला की फोल्डर निमूट जातो. तसंच पोर्ट ३००० (प्रोग्राम नेटवर्कवर बोलायला वापरतो तो क्रमांक) आधीच वापरात आहे असा एरर आला की टीसीपीव्ह्यूमध्ये बघायचं, कुणी अडवलाय ते लगेच कळतं, पूर्वी मी त्यासाठी सरळ पीसी रीस्टार्ट करायचे.

ही तिन्ही टूल्स सिसइंटरनल्सची. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं काम, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं आणि आजही सगळं फुकट मिळतं. इतकं भारी काम फुकट देणाऱ्यांचेही आभार मानायलाच हवेत.

आणि हो, फाइली शोधून देणारं एव्हरीथिंग! पत्रिकेची जुनी फाइल शोधायला विंडोजचा सर्च किती वेळ घ्यायचा, हे नाव टाइप करता करताच दाखवतं, कारण ते एकेक फोल्डर चाळत बसत नाही, एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीच्या, डिस्कवरची फाइलींची यादीच थेट वाचतं. विंडोज आणि व्ही दाबून आधी कॉपी केलेल्या मागच्या गोष्टी काढायच्या, हे तर आता आईसुद्धा करते.

दादा, तुम्ही नुसतं दुरुस्त करून दिलं असतं तरी मी खूश झाले असते. पण तुम्ही माउस माझ्या हातात ठेवलात, घाई केली नाहीत, तेच तेच विचारलं तरी वैतागला नाहीत, आणि पैशाचं विचारलं तर रागावलात. हे मी विसरणार नाही.

बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क तुम्ही सांगितलीत तशी घेतलीय, रविवारी वेळ असेल तर एकदा सेटिंग बघून घ्या. वहिनींना नमस्कार सांगा.

तुमची धाकटी बहीण