मास्क्ड आधार नाकारणाऱ्यांना आवरा

संपादक महोदय,

बार्शीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरण्याचं दुकान आहे. प्रवेश सुरू झाले की दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसभर आधार कार्डं येत राहतात. ओळख ना पाळख, ‘दोन प्रिंट काढा, आलोच’ एवढाच निरोप. ई-आधारची पीडीएफ कुलूपबंद असते म्हणावं, तर तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. गावात ते कुणाला ठाऊक नसतं? काम झालं की मी फाइल गिऱ्हाइकासमोर पुसते, बिघडलेली प्रत फाडून त्यांच्याच हातात देते. पण तसं करायला मला कुणी बांधलेलं नाही.

आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मास्क्ड आधार फुकट मिळतं. त्यात बारापैकी शेवटचे चारच अंक दिसतात. मी प्रत्येकाला तेच घ्यायला सांगते आणि लोक ऐकतातही. अडवणूक होते ती पुढे. परवा नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या एका मुलीची अशी प्रत हॉस्टेलवाल्यांनी परत केली आणि पूर्ण कार्डाचा फोटो ग्रुपवर टाकायला लावला. ग्रुपवर! तिथल्या साऱ्या मुलींचे आधार नंबर आता एकमेकींच्या फोनमध्ये आहेत. लॉजवाले आणि भाड्याच्या खोल्यांचे एजंटही हेच करतात.

नंबर कळला तर काय बिघडतं, असं मला विचारतात. आमच्याकडची कितीतरी म्हातारी माणसं निराधारचे पैसे अंगठा लावून काढतात. तिथे ना ओटीपी, ना पिन. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा जुळला की पैसे निघतात. जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून, त्यांचे साचे बनवून खाती रिकामी करणाऱ्या टोळ्या काही राज्यांत पकडल्या गेल्या आहेत. बोटांचे ठसे लॉक करण्याची सोय आहे आणि तरुणांनी ती जरूर वापरावी. पण दर महिन्याला अंगठ्यावरच पैसे काढणाऱ्या आजीने प्रत्येक वेळी लॉक कसं उघडायचं? तिच्या हातात स्मार्टफोनही नसतो. तिच्यासाठी नंबर झाकणं हाच खरा आडोसा आहे.

मे 2022 मध्ये प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने आधारची झेरॉक्स सरसकट देऊ नका, मास्क्ड प्रत द्या असं सांगितलं होतं. गैरसमज होईल म्हणून सरकारने दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतलं आणि नेहमीची खबरदारी घ्या म्हटलं. खबरदारी आम्ही घेऊच, पण समोरचा ती चालवूनच घेत नसेल तर काय करायचं?

लॉज, हॉस्टेल आणि भाडेकरूंच्या कागदपत्रांसाठी मास्क्ड आधार चालेल आणि त्याचे फोटो ग्रुपवर मागवू नयेत, असं परिपत्रक प्रत्येक जिल्हाधिकाऱ्यांनी काढावं. जूनमध्ये मुलं गावाबाहेर पडतील, त्याआधी ते निघायला हवं.

– एक झेरॉक्स दुकानचालक, बार्शी, जि. सोलापूर