‘इम्पेअर’ म्हणजे निकामी नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

इंग्रजी बातमीतल्या ‘इम्पेअर’ या क्रियापदाचे मराठीत अनेकदा ‘निकामी होणे’ किंवा ‘गमावणे’ होते. ‘किडनी फंक्शन इम्पेअर्ड’ म्हणजे मूत्रपिंडाचे काम खालावले आहे. निकामी झाले तर ते ‘फेल्युअर’. ज्या घरात तो अहवाल हाती असतो, तिथे हा फरक जीवघेणा ठरतो.

शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘पेयोर’ आहे, म्हणजे ‘अधिक वाईट’. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. सुरुवातीचे ‘इम’ हे ‘इम्पॉसिबल’मधल्यासारखे नकारार्थी नाही. आहे ते आहेच, पण पूर्वीइतके चांगले राहिले नाही, एवढेच.

अर्थाची खूण कर्मात सापडते. अपघातात पाय ‘इंज्युअर’ होतो, स्कूटर ‘डॅमेज’ होते आणि त्या दुखापतीने चालणे ‘इम्पेअर’ होते. म्हणून मराठीतही कर्म पाहूनच क्रियापद निवडावे: नजर अधू होते, ऐकू कमी येते, स्मरण मंदावते, प्रकृती खालावते. इतके नेमके शब्द घरात असताना सगळीकडे ‘बाधित’ का चिकटवायचे?

सर्दीच्या काही गोळ्यांत क्लोरफेनिरामीन असते. त्याने वाहन चालवण्याची क्षमता ‘इम्पेअर’ होऊ शकते. याचे ‘क्षमता नष्ट होते’ असे केले, तर भर पावसात पर्वरीहून पणजीला भाडे घेऊन निघालेला मोटारसायकल-टॅक्सीचा पायलट म्हणेल, मला तर गाडी नीट चालवता येते! धोका नेमका तिथेच आहे. चालवता येते, पण हात ब्रेकवर उशिरा जातो. ‘गुंगी येते, हालचाल मंदावते, गाडी चालवू नका’ असे लिहा, लगेच कळते.

दिव्यांगांच्या बातम्यांत चूक अधिक बोचते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘व्हिज्युअल इम्पेअरमेंट’खाली अंधत्व आणि अल्पदृष्टी या दोन्ही गोष्टी येतात. निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारे अक्षर, चष्मा लावूनही, चांगल्या डोळ्याला ३ मीटरवरूनही दिसत नसेल, म्हणजे दृष्टी ३/६० पेक्षा कमी असेल, तर अंधत्व. ६/१८ ते ३/६० या टप्प्यात अल्पदृष्टी. (दृष्टिक्षेत्राचे निकष वेगळे आहेत.) ‘व्हिज्युअली इम्पेअर्ड विद्यार्थी’चे सरसकट ‘अंध विद्यार्थी’ केले की मोठ्या अक्षरांतली प्रश्नपत्रिका मागणारे मूल बातमीतून गळून पडते. इथे ‘दृष्टिबाधित’ रुळला आहे, तो ठेवावा. श्रवणाचेही तसेच: दोन्ही कानांत ७० डेसिबलची घट असेल तर बधिर, ६० ते ७० असेल तर ऐकू कमी येणारे.

ताळेबंदातले ‘इम्पेअरमेंट’ म्हणजे मूल्यघट. यंत्राची पुस्तकी किंमत १० लाख आणि त्यातून वसूल होण्यासारखी रक्कम ७ लाख असेल, तर ३ लाखांची मूल्यघट लिहावी लागते. अशा वेळी ‘मालमत्ता बुडाली’ असा मथळा देऊ नये.

आपला,
एक भाषांतरकार, फोंडा