रविवारच्या भेटीआधी, समलैंगिक मुलामुलींच्या पालकांसाठी

सभासदहो, रविवारी संध्याकाळी ५ वाजता ठाण्यात तलावपाळीला, बोटिंगच्या तिकीटखिडकीपाशी जमायचंय.

मागच्या वेळी एका आईने मुलाची वही दाखवली. शेवटच्या पानावर वर्गातल्यांनी गिरवलेली शिवी, आणि त्यावर बाईंचं म्हणणं, 'तूच जरा मुलासारखा वाग.' शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ प्रमाणे मुलांच्या मानसिक छळालाही बंदी आहे. तक्रार लेखीच द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं शाळेत कुणालाच आठवत नाही, हा आपला अनुभव!

समलैंगिकता 'बरी करतो' म्हणणाऱ्या डॉक्टरकडे मुलांना नेऊ नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच ते गैरवर्तन ठरवलंय. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर मुलांना पाठ हवा.

भेटीत फोटो काढू नयेत.