अण्णा, पॅनल बसली आणि छतही राहिलं

आदरणीय अण्णा,

तोंडावर आभार मानले तर "हे काय नवीन काढलंय ताई" म्हणून तुम्ही चहाचा कप घेऊन बाहेर जाल, हे मला माहीत आहे. म्हणून चारचौघांसमोर लिहिते. तुमचं नाव घालत नाही. अक्कलकोट रोडला गाड्यांच्या बॉडीची कामं करणारे अण्णा बरेच असतील, पण ज्याला कळायचं त्याला कळेल.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. माझ्या भावानं एक जुनी मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेतली. २०२१ साली राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून त्याच्या डोक्यात ते खूळ होतंच, त्यात आईला गाणगापूर, पंढरपूर, तुळजापूर स्वतःच्या गतीनं करायचं होतं. आईला इन्सुलिन लागतं. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, आणि आपल्याकडचा मे महिना कसा असतो ते सोलापूरकरांना सांगायला नको. फ्रीज रात्रंदिवस चालायचा तर छतावर सोलर हवंच. २०० वॅटची दोन पॅनल घरी आली आणि घोडं तिथंच अडलं.

कारण या गाडीचं छत पत्र्याचं नाही. आडवे लाकडी वासे, त्यावर पातळ प्लाय, आणि प्लायवर गोंदानं चिकटवलेला रबराचा अखंड पडदा. भोक पडलं की पाणी प्लायमध्ये मुरतं, आणि ते वरून दिसत नाही. प्लाय कुजून पायाखाली मऊ लागायला लागला की मग कळतं. पॅनल विकणारा म्हणाला, "दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा, कडेनं सिलिकॉन मारा, झालं." दुसऱ्या एकानं सरळ ड्रिल काढलं. भाऊ त्याला वर चढवणार, तेवढ्यात तुम्ही दुसऱ्याच कामासाठी आमच्या गल्लीत आला होतात. "काय करालास बे?" एवढंच विचारलंत, आणि ड्रिल पिशवीत गेलं.

तुम्ही वर चढलाच नाहीत, आधी आत गेलात. छताचा दिवा काढून त्या भोकातून बॅटरीच्या उजेडात पाहिलंत. मग स्क्रू ड्रायव्हरची मूठ छताला टेकवत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेलात. ढप, ढप, ढप, आणि मध्येच एक भरीव टक. तिथं खडूची रेघ. दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक फिरवून प्लायचे स्क्रू कुठं आहेत ते पाहिलंत, म्हणजे वाशाची खात्री दोनदा झाली. हवेच्या झरोक्यापासून टेपनं मापं घेऊन तीच रेघ वर उतरवलीत. निम्मी सकाळ यात गेली, आणि भावाची चुळबुळ मला खालून दिसत होती. माझ्या मते खरं काम तेच होतं. नंतरचं स्क्रू पिळणं कुणीही केलं असतं.

टेपबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते इथं मुद्दाम लिहिते, कारण हा सल्ला बऱ्याच जणांना मिळतो. टेप रबराला घट्ट धरते, यात खोटं काही नाही. पण रबराला कोण धरतं? खालचा गोंद. आमच्या छताला पुढच्या बाजूला फुगे आलेले होते, म्हणजे तिथला गोंद सुटलेला. हायवेला गाडी ऐंशीनं धावली की वारा पॅनलखाली शिरून वर उचलतो, आणि वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. टेप सुटली नसती, पण पॅनल रबरासकट वर आलं असतं. ज्याचा पडदा सगळीकडे नीट चिकटलेला आहे त्यानं टेपवर भागवावं, असंही तुम्ही म्हणालात. आमचं तसं नव्हतं.

झरोक्याची कड उचलून रबराचा कापलेला काठ दाखवलात: वर पांढरा, खाली काळा. "ईपीडीएम आहे." म्हणजे छतासाठी वापरतात ते एक कृत्रिम रबर. कारखान्यांच्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंग करताना हे तुमच्या हातून गेलेलं. भावानं पुसायला आणलेलं पेट्रोल लांब ठेवायला लावलंत, कारण त्यानं हे रबर फुगतं. साबणपाणी, मऊ ब्रश, बस. आधीच्या मालकानं झरोक्याभोवती फासलेलं सिलिकॉन तर प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडून काढलंत. या रबराला ते नीट धरत नाही आणि त्याच्यावर दुसरं काही चिकटूही देत नाही. ते खरवडताना तुम्ही ज्या शिव्या दिल्यात त्या इथं लिहिता येत नाहीत.

पॅनलचे पाय वाशांवर येईनात, तर दोन ॲल्युमिनियमच्या रेल लांबीनं टाकल्यात. पण रेल छतावर लोळू दिली नाहीत. माळवदावर पन्हळीपाशी माती साठली की पाणी थबकतं आणि खाली घर गळतं, तसलाच हा प्रकार. छताचा उतार दोन्ही कडांकडे, आणि लांबीची रेल म्हणजे त्याला आडवा बांध. म्हणून रेल पायांवर उचललीत. प्रत्येक पायाखाली ब्युटाइलची, म्हणजे चिकट रबराची पट्टी, भोकात फट बुजवणारं सीलंट, स्क्रू शेवटी हातानं आवळलेला, आणि वरून आपोआप पसरणारं सीलंट. ते स्क्रूच्या डोक्यावरून मधासारखं उतरत सपाट होताना आईसुद्धा शिडीखाली येऊन बघत उभी राहिली.

पॅनलखाली मोकळी जागा ठेवलीत त्याचा फायदाही उन्हाळ्यात दिसला. पॅनलवर लिहिलेले वॅट आतल्या सौर पेशींचं तापमान २५ अंश धरून मोजलेले असतात. आपल्या उन्हात पेशी साठीच्या पुढं सहज जातात आणि अंशागणिक सुमारे ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. खालून वारा खेळला तर हा तोटा थोडा आवरतो. पॅनल तिरकी करायच्या भानगडीत आपण पडलो नाही ते बरं झालं. सोलापूरचा अक्षांश साडेसतरा अंशांच्या जरा वर; मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो.

वायरिंग तुमच्या भाच्यानं केलं. केबल आत शिरण्याआधी तिला खाली झोका दिला, म्हणजे पाणी तिथंच ठिबकतं, आत जात नाही; बॅटरीजवळ फ्यूज बसवला. पोरगा हुशार आहे, फक्त हळू बोलतो.

सगळं झाल्यावर तुम्ही एकेक पाय दोन्ही हातांनी धरून असा ओढलात की गाडी हलायला लागली. मग खाली उतरून मजुरी सांगितलीत. आईनं वर काही द्यायला पाहिलं तर तुम्ही ते घेतलं नाहीत, शेंगाचटणी आणि कडक भाकरी तेवढी बांधून नेलीत.

परतीचा पाऊस झाला. भावानं आत छताला सगळीकडे हात लावून पाहिला, कोरडं होतं. गाणगापूरला दोन रात्री फ्रीज अखंड चालला. आई सगळ्यांना सांगते की हे अण्णांनी केलं. भाऊ जवळ असला तर गप्प बसतो.

मृगाच्या आधी सीलंट बघायला येतो म्हणालात, तेव्हा जेवायलाच या. आणि शिडी आमचीच वापरा. तुमच्या शिडीची खालून तिसरी पायरी हलते, ती तेवढी बदलून घ्या.

तुमची,
मोटरहोमवाली ताई