सेल्फ-टॅनरचे डाग का पडतात?

संपादक महोदय,

घरी लावलेल्या सेल्फ-टॅनरचा, म्हणजे उन्हात न बसता त्वचेला तपकिरी छटा देणाऱ्या प्रसाधनाचा, रंग डागाळला की दोष बहुधा बाटलीला दिला जातो. खरे कारण पुष्कळदा त्वचेच्या पूर्वतयारीत असते. टॅनरमधील डायहायड्रॉक्सिॲसिटोन हे द्रव्य त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरातील अमिनो आम्लांशी संयोग पावून तपकिरी छटा निर्माण करते. साहजिकच कोपर, गुडघे, घोटे अशा, जिथे हा थर जाड व कोरडा असतो, त्या जागी रंग अधिक गडद चढतो. म्हणून आदल्या दिवशी मृत त्वचा हलक्या हाताने घासून काढावी आणि टॅनर लावण्यापूर्वी या सांध्यांवर मॉइश्चरायझरचा पातळ थर द्यावा. घोट्यांवर व मनगटांवर तर हाताला उरलेलाच टॅनर फिरवावा. तळहात लगेच साबणाने धुवावेत. बोटांच्या बेचक्यांत राहिलेला अंश काही तासांनी नारिंगी होऊन चुगली करतो. रंग पूर्ण खुलायला 24 तासांपर्यंत लागू शकतात, तेव्हा घाईने दुसरा हात देऊ नये.

उत्पादकांनी वेष्टनावर एक सूचना मात्र ठळक अक्षरांत छापायला हवी, की या रंगामुळे उन्हापासून संरक्षण मिळत नाही आणि सनस्क्रीन वेगळे लावावेच लागते.

— एक वाचक