कालचा माग आज वगळू का?

सोलापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. दिवाळीपासून माझे पत्र नाही म्हणून तू रागावला असशीलच. प्रकृती ठीक आहे. गुडघा आहे तसाच आहे. यादीतून एक नोंद नशिबावर सोडून कशी निवडावी, या ज्या वादापायी हॉस्टेलच्या गच्चीवर आपण अबोला धरला होता, तो आता अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पुन्हा निघाला आहे.

तिथल्या एका कारखान्यात मागावरून उतरणाऱ्या प्रत्येक चादरीची नोंद लिंक्ड लिस्टला (संगणकातली साखळीसारखी यादी, जिच्यात प्रत्येक नोंद फक्त पुढचीचा पत्ता सांगते) जोडली जाते आणि पाळीअखेर त्यांतली एकच, कोणाच्याही मर्जीवाचून, तपासणीला काढायची असते. अशा यादीत सातशेव्या नोंदीवर थेट उडी घेता येत नाही. पहिल्या नोडपासून, म्हणजे नोंदीपासून, पॉइंटर (पुढचीचा पत्ता) धरून चालावेच लागते. आधी सगळ्या मोज, मग रँडम आकडा काढ, हा तुझा हेका मला पाठ आहे. परंतु मोजणी झाल्यावर जोडल्या गेलेल्या चादरींना त्यात संधीच उरत नाही. म्हणून मी एकाच फेरीची रीत ठेवली: पहिली नोंद हाती धरायची, दुसरी आली की १/२ शक्यतेने तिच्याशी बदलायची, तिसरीशी १/३, आणि असेच पुढे. पहिली चादर हजारांत टिकण्याची शक्यता १/२ × २/३ × … × ९९९/१००० म्हणजे नेमकी १/१००० येते, आणि शेवटचीचीही तेवढीच. दर नोडला रँडम आकडा कशाला, असे तू म्हणशीलच (कंजूष तू तेव्हापासूनचा); ते आकडे वाचवण्याची युक्ती संगणकशास्त्रज्ञ जेफ्री व्हिटर यांनी १९८५ सालीच मांडली आहे.

हे मालकांनाही पटले. घोर वेगळाच आहे. लागोपाठ दोन पाळ्यांत एकाच मागाची चादर निघाली आणि तो विणकर माझ्याशी बोलेनासा झाला. वीस मागांवर सारखेच काम होत असेल, तर कालचा माग आज पुन्हा निघण्याची शक्यता वीसात एक, म्हणजे महिन्याकाठी एखादेवेळी हे व्हायचेच. मालक म्हणतात, कालचा माग आज वगळा. तसे केले तर कोणालाही वाईट वाटणार नाही, हे खरे. पण ज्याची काल तपासणी झाली, त्याला आज कोणी पाहणार नाही हे आधीच कळेल, आणि मग तपासणीला अर्थ तो काय राहिला? मी नकार दिला आहे. मात्र त्या विणकराला हे कसे समजवावे, ते सुचत नाही. माणसांना पटवणे तुला नेहमीच माझ्यापेक्षा चांगले जमते, वाद हरतानासुद्धा.

बदलीचे काय झाले? वहिनींना नमस्कार, शेंगा चटणी वेगळी पाठवतो. सोमवारी मालकांची पुन्हा गाठ आहे, त्याआधी उत्तर धाड.

तुझाच,
स्नेहांकित