तुझ्या दादाला मी मत देणार नाहीये

भावा,

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही, माहितीये मला, शिव्या फोनवर घाल. तब्येत बरी, शुगर आहे तिथंच आहे, आई गुडघा गुडघा करते पण दळण स्वतःच आणते. झालं.

आता मुद्दा. शनिवारी शाळेत पालकसभा आहे, व्यवस्थापन समिती नवीन निवडायचीय, आणि अध्यक्षाला तुझा दादा उभा आहे. हे तुला घरनं कळलंच असेल. समोर आपल्या वर्गातल्या मॉनिटरची बायको आहे, आणि मी तिच्या बाजूनं हात वर करणार आहे. हे तुला वहिनीच्या स्टेटसवरनं किंवा त्या वाडीच्या ग्रुपवर कळण्याआधी माझ्याकडनं कळावं, म्हणून रात्री साडेअकराला हे टाइप करत बसलोय. बॅट कोणी मोडली यावर तू माझ्याशी अख्खं सहावीचं वर्ष बोलला नव्हतास, त्यामुळं तुझा स्वभाव मला माहितीये. (बॅट मॉनिटरनंच मोडली होती. अजून सांगतो.)

पद काय तर दोन वर्षांचं, मानधन शून्य. शाळेचा पट 17, आणि 30 पर्यंत पट असला की वर्षाचं अनुदान 10 हजार, त्यात खडू, झाडू, लाइटबिल, गळकं छप्पर सगळं बसवायचं. चेकवर बाईंबरोबर अध्यक्षाची सही लागते एवढाच काय तो रुबाब. तरी यावेळी गावात असं वातावरण आहे जसं काय कारखान्याची निवडणूक लागलीय. कारण समूह शाळा.

2023 ला सरकारनं 20 च्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करायचे प्रस्ताव मागवले होते ना, पानशेत आणि तोरणमाळचं उदाहरण देऊन, तेव्हा आपल्या समितीनं नको म्हणून ठराव केला होता. दादाचं म्हणणं, तो ठराव फिरवायचा, पोरं केंद्रशाळेत न्यायची, गाडी लावायची. आणि तो येड्यासारखं बोलत नाही हे तुला सांगायला नकोच. परवा ओट्यावर बसून मला म्हणाला, "एक बाई, चार वर्ग. पहिलीला मुळाक्षरं देऊन चौथीचा भागाकार घ्यायला जाते तर मधेच ऑनलाइन माहितीचा फोन. मतदारयाद्या पण तीच करते. आणि 17 पोरांत खो-खोच्या दोन टीम करायच्या तर बालवाडीतली उचलून आणावी लागतात." यावर मी काय बोलणार? खरंय ते. आपल्या वेळी दोन गुरुजी होते, तरी तू चौथीपर्यंत सातचा पाढा चुकवायचास.

मग म्हणाला, "तू सूचक हो." मी हो म्हणालो नाही, नाही पण म्हणालो नाही, आईला चहा टाकायला सांगितला. अण्णांना रात्री दोन वाजता कऱ्हाडला त्यानंच नेलं होतं, पावसात, ती खटारा जीप घेऊन, आणि डिझेलचे पैसे आजपर्यंत घेतले नाहीत. तुझ्या इंजिनिअरिंगला त्यानं काय विकलं ते आपल्या दोघांनाच माहितीये, त्यामुळं तेही मनात येतं. दहावीला दोनदा बसलेला माणूस, एसटीडी बूथ, मग जेसीबी, आता कॉन्ट्रॅक्टर, गावात कोणाचं अडलं तर पहिला हा उभा. अध्यक्ष म्हणून शोभेल. भिंतीचं कंपाऊंड पण करून घेईल, बीडीओच्या टेबलावर हात आपटून.

पण केंद्रशाळा चार किलोमीटर आहे रे. कायद्यात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे, उगाच नाही लिहिलं कोणी. जुलैत ओढ्यावर पाणी चढलं की गाडी अलीकडंच थांबते, आणि सहा वर्षाचं पोर पलीकडं अडकलं तर? दादा म्हणतो पूल मंजूर आहे. पूल आपण चौथीत होतो तेव्हापासून मंजूर आहे.

आणि दुसरं, जे मी इथं कोणाशी बोललो नाही. गाडी कोणाची लागणार? टेंपो ट्रॅव्हलर वाडीत एकच आहे. मी म्हणत नाही की दादा त्यासाठी करतोय, मला तसं वाटत पण नाही, पण मॉनिटरच्या कट्ट्यावर हेच चाललंय आणि दादाला तोंडावर विचारायची कोणाची टाप नाही.

आता ती. तू तिला लग्नातच बघितलीस, तेव्हा गप्प होती, आता नाही. डी.एड. आहे ती. 2010 च्या सीईटीनंतर भरती गेली खड्ड्यात, मग शिक्षक पात्रतेची टीईटी आली, मग ती अभियोग्यता चाचणी, मग भरतीचं पवित्र पोर्टल, दरवेळी फी भरली, परीक्षा दिल्या, मधल्या काळात दोन पोरं झाली. 2024 ला कमी पटाच्या शाळेवर 15 हजारात कंत्राटी शिक्षक घेणार म्हणाले, तिनं कागद जमवले, तर पुढच्या वर्षी तो निर्णयच रद्द. गेली दोन वर्षं ती रोज दुपारी शाळेत जाऊन पहिली-दुसरीला फुकट शिकवते, बाईंना तेवढा चौथीला वेळ मिळतो. माझा बारका वाचायला लागला तो तिच्यामुळं. दगडावर खडूनं अक्षरं काढून ओळीत मांडते, पोरं उड्या मारत शब्द करतात, "बदक" वरनं "कदब" केलं तरी ओरडत नाही, म्हणते टिंब दिलं की झाड होतं ते. आणि पोषण आहारातल्या अंड्याचे पैसे सरकारनं बंद केले, लोकवर्गणीतनं द्या म्हणाले, तर हिनं ज्यांच्याकडं कोंबड्या आहेत त्यांची वारं लावून दिली. तुझ्या आईची अंडी बुधवारी असतात!

तिचं म्हणणं एवढंच, ठराव फिरवायचा नाही, दुसरा शिक्षक मिळेपर्यंत दर महिन्याला गटशिक्षणाधिकाऱ्याकडं समितीचं पत्र जाणार, आणि बैठक शाळेत होणार, रजिस्टर घरी फिरवून बायकांच्या सह्या घेणं बंद. समितीत निम्म्या बायका पाहिजेत हा नियम आहे, पण आपल्याकडं तो सहीपुरताच होता. दादा यावर हसला, म्हणाला, "डी.एड.वाल्यांना नोकरी नाही लागली म्हणून समिती पाहिजे." हे मला लागलं. दादा असं बोलणारा नव्हता.

आणि आता जे फक्त तुलाच लिहू शकतो. दादाचा मुलगा तालुक्याला इंग्लिश मीडियमला, पिवळी बस येते दारात. मुलगी आपल्या शाळेत, तिसरीला. तिच्याच नावावर तो पालक म्हणून उभा आहे. सभेत कोणी हे काढणार नाही, कारण अर्ध्या वाडीची तीच गत आहे, पोरगा बसमध्ये, पोरगी ओढ्याकाठच्या शाळेत. शाळा हलली तर मुली घरी बसतील ही मॉनिटरच्या बायकोची भीती आहे, आणि मला ती खरी वाटते. पुतणी हुशार आहे, तुझ्यावर गेली नाही नशीब. तू काका आहेस, तू विचारू शकतोस, मी विचारलं तर भांडण होईल.

तुझं काय चाललंय? फ्लॅटचं पझेशन मिळालं का, की बिल्डर अजून गणपतीचाच वायदा करतोय? वहिनींचा जॉब, लेकाची ॲडमिशन, सगळं कळव, मला विचारायचं राहून जातं. पुण्यात शाळेची फी तीन लाख झाली म्हणे, आईनं ऐकून दोनदा विचारलं, वर्षाची का जन्माची.

हे वाचून दादाला लगेच फोन लावू नको, रात्री तो पिंपळाखाली स्पीकरवर बोलतो. सूचक व्हायला नाही हे मी त्याला उद्या सकाळी स्वतः जाऊन सांगणार आहे. दुपारनंतर लाव, आणि गाडीचं नाही, आधी पुतणीचं विचार.

तुझा,
खिडकीजवळचा